झारच्या लेकींना काय म्हणत?

त्सारेव्हना : झारची, म्हणजे रशियाच्या राजाची मुलगी. प्रसिद्ध नाव सोफिया अलेक्सेयेव्हना. १६८२ ते १६८९ या काळात अल्पवयीन भाऊ ईव्हान आणि सावत्र भाऊ पीटर यांच्या नावाने तिनेच राज्य चालवले.

त्सारित्सा : झारची पत्नी. मुलगी नव्हे. ‘झारिना’ हे याच शब्दाचे पश्चिम युरोपातले रूप. मूळ रशियन नाही.

त्सेसारेव्हना : १७२१ मध्ये याच पीटरने सम्राटपद घेतले, तेव्हा त्याच्या मुलींची पदवी. पुढे अर्थ बदलला आणि युवराजाच्या पत्नीला ती मिळू लागली. त्सारेव्हनाशी गल्लत होते ती इथेच.

वेलिकाया क्न्याझ्ना : सम्राटाची अविवाहित मुलगी. शब्दशः ‘थोर राजकन्या’. इंग्रजीत ‘ग्रँड डचेस’. विवाहानंतर ‘वेलिकाया क्न्यागिन्या’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे हा फरक पुसला जातो.

• १७९७ : सम्राट पॉल पहिला याच्या कायद्याने ही पदवी नातवंडांच्या पुढच्या पिढ्यांपर्यंत.
• १८८६ : सम्राट अलेक्झांडर तिसरा याने ती मुले आणि मुलाकडची नातवंडे यांपुरती ठेवली.

अखेरच्या चौघी : शेवटचा सम्राट निकोलस दुसरा याच्या मुली ओल्गा (जन्म १८९५), तात्याना (१८९७), मारिया (१८९९), अनास्तासिया (१९०१). चौघीही अविवाहित, म्हणून अखेरपर्यंत ‘क्न्याझ्ना’च. १७ जुलै १९१८ रोजी येकातेरिनबुर्ग येथे आईवडील व भावासह त्यांची हत्या झाली.