टेबल टेनिसच्या टेबलावरची असई

आमच्या हाउसच्या कॉमन रूममधले टेबल टेनिसचे टेबल २७४ सेंटिमीटर लांब आणि १५२ सेंटिमीटर रुंद आहे. हे आकडे मला टेबल टेनिसमुळे पाठ झालेले नाहीत. गेल्या पावसाळ्यात दर रविवारी दुपारी आम्ही ते टेबल दोन तासांसाठी मागून घेत असू, त्याची जाळी काढत असू आणि त्यावर १८०३ सालची असईची लढाई मांडत असू. या छंदाला मिनिएचर वॉरगेमिंग म्हणतात. बोटाच्या पेराएवढे सैनिक तयार करायचे, रंगवायचे आणि नियम ठरवून त्यांची लढाई खेळायची. "तुम्ही अकरावीत जाऊन बाहुल्या खेळता का?" असे आम्हाला मेसमध्ये बऱ्याच जणांनी विचारले. त्या सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावे, म्हणून हा लेख.

हा खेळ सैन्यातूनच बाहेर आला आहे. प्रशियाचा तरुण अधिकारी फॉन राइसविट्झ याने वडिलांनी सुरू केलेला खेळ सुधारून १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. नाव होते 'क्रीगस्पील', म्हणजे युद्धखेळ. त्यात १:८००० प्रमाणाचा नकाशा, धातूचे लाल-निळे ठोकळे, फासे आणि एक पंच असे. खरी परिस्थिती फक्त पंचाला माहीत असे. प्रशियाचे सेनाप्रमुख म्युफ्लिंग यांना तो इतका पटला की त्यांनी सैन्यासाठी त्याची शिफारस केली. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने खरोखर नेम धरून शिसाचे शिपाई पाडायचे असत. आजचे टेबलावरचे खेळ या दोघांचे वंशज आहेत. कोणी सैनिकांच्या देखणेपणाकडे झुकतो, कोणी पंच आणि नकाशाकडे. आम्ही पहिल्या प्रकाराने सुरुवात केली आणि दुसऱ्याकडे कसे वळलो, ते पुढे येईलच.

असईची निवड माझी. हे गाव जालना जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. हाच पुढे वॉटर्लूचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मला शिंद्यांची बाजू घेऊन ती लढाई जिंकून दाखवायची होती. समोर बसला माझा तमिळ वर्गमित्र. मी त्याला "तू इंग्रज" म्हणालो, तेव्हा त्याने यादी काढून दाखवली. वेलस्लीच्या सात पायदळ पलटणींपैकी दोन स्कॉटिश, बाकी पाच मद्रासच्या! आजच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर जो हत्ती आहे तो असईचाच. आणि वेलस्लीबरोबर म्हैसूरचे आणि पेशव्यांचेही स्वार होते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते.

आता सैनिकांबद्दल. बाजारात परदेशी प्लास्टिकचे सुंदर संच मिळतात, पण आमच्या पॉकेटमनीत त्यातली एक पलटणही बसत नाही. म्हणून आम्ही एम-सील वापरले, नळाची गळती बंद करायला वापरतात तेच. तांब्याच्या तारेचा सांगाडा करून त्यावर एम-सीलचा एक शिपाई घडवायचा, उंची २० मिलिमीटर. तो कडक झाला की त्याला टाल्कम पावडर लावून एम-सीलच्याच दुसऱ्या गोळ्यात अर्धा दाबायचा. हा झाला साचा. पुढचे सगळे शिपाई या साच्यात दाबून काढायचे. पाठ सपाट राहते, पण टेबलावर उभे केल्यावर कोणाच्या लक्षात येत नाही. न्यूरेंबर्गचे जुने कथलाचे सैनिक तर दोन्ही बाजूंनी चपटेच असत. शिपाई पूर्ण कडक होण्याआधी, रबरासारखा असतानाच बाहेर काढावा आणि कडा ब्लेडने साफ कराव्यात. घासायचे असेल तर पाणी लावून घासा, कोरडी भुकटी नाकात जाऊ देऊ नका. संगिनी मात्र साच्यात तुटतात. त्या आम्ही हिराच्या झाडूच्या काड्यांच्या केल्या. त्या महिन्यात हाउसचा झाडू बराच बारीक झाला होता.

किती शिपाई करायचे हे गणिताने ठरते. एक सेंटिमीटर म्हणजे २० मीटर धरले, तर आमचे टेबल साडेपाच किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद होते. तीन रांगांत उभी राहिलेली सहाशे जणांची पलटण साधारण १२० मीटर जागा घेते, म्हणजे सहा सेंटिमीटर. तेवढ्या रुंदीच्या पुठ्ठ्यावर सहा-सहाच्या दोन रांगा बसतात. त्याला आम्ही बेस म्हणतो. बारा शिपाई म्हणजे सहाशे माणसे, म्हणून एक शिपाई म्हणजे पन्नास. शिंद्यांचे कवायती पायदळ सुमारे १०,८०० होते, त्यामुळे मला २१६ शिपाई करावे लागले. मित्राला पायदळाचे ८४ आणि घोडदळाचे २४. तोफा शंभराच्या आसपास होत्या, पाच तोफांना एक असे धरून वीस केल्या. अडचण आली मराठी घोडदळाची. तीस हजार स्वार म्हणजे सहाशे घोडे! एक घोडा पायदळाच्या चार शिपायांइतके काम मागतो. मी साठच केले आणि एक घोडा म्हणजे पाचशे स्वार असे ठरवून टाकले. ही आळसातून केलेली तडजोड मला पुढे महाग पडली.

रंगवताना पहिली चूक अस्तराची. आम्ही सगळ्यांना काळे अस्तर दिले आणि त्यावर लाल डगले रंगवले. लाल रंग काळ्यावर बसत नाही, तपकिरी दिसतो. ८४ डगले पुन्हा पांढऱ्यावर रंगवावे लागले. दुसरे, एकेक शिपाई पूर्ण करू नका. सगळ्यांचे डगले, मग सगळ्यांचे चेहरे, मग सगळ्यांच्या बंदुका, अशा क्रमाने गेलात तर रविवारी एक पलटण सहज होते. शेवटी तपकिरी रंग पाण्यात अगदी पातळ करून, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून वरून फिरवायचा. तो खाचांमध्ये उतरतो आणि घड्या, बोटे, पट्टे आपोआप उठून दिसतात. डोळे रंगवू नका. हातभर अंतरावरून ते दिसत नाहीत, आणि जवळून पाहिले तर शिपाई घाबरल्यासारखा वाटतो. बेसवर फेव्हिकॉल लावून लांब उडीच्या खड्ड्यातली बारीक वाळू पसरली आणि ती काळपट रंगवली. मराठवाड्याची जमीन काळी आहे, हे मी इतरांना आवर्जून सांगितले. सर्वांत जास्त वेळ मी घालवला बैलांवर. तोफांना बैल लागतात, आणि असईत बैलांचे महत्त्व मोठे आहे. इंग्रजांच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज मराठी तोफखान्याने इतके मारले की तोफा मागेच टाकून वेलस्लीला पायदळ पुढे न्यावे लागले.

नियम थोडक्यात सांगतो. एक डाव म्हणजे दहा मिनिटे. ओळीत पसरलेली पलटण एका डावात १२ सेंमी चालते, रांगेने कूच करणारी २०, घोडदळ ४०. बंदुकीचा मारा ५ सेंमी, म्हणजे शंभर मीटर. त्यापुढे त्या काळची बंदूक नेमाने लागत नसे. तोफेचा गोळा ५० सेंमीपर्यंत जातो. १५ सेंमीच्या आत छऱ्यांचा डबा उडवता येतो आणि तो सर्वांत घातक. किती लागले ते फासे सांगतात. ज्या पलटणीचे शिपाई पडतात तिला धैर्याचा फासा टाकावा लागतो, कमी पडला तर ती मागे हटते. यातला शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. पलटणी शेवटच्या माणसापर्यंत मरत नाहीत, त्याआधीच पाय काढतात.

पहिला खेळ मी सहज जिंकला. असईचे सगळे रहस्य एका उतारात आहे. मराठी फौज केळणा नदीच्या उत्तर काठावर होती. पुढे नदी, मागे जुई नदी, दोहोंमध्ये मैलभराची जमीन. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले की पुढे कुठे उतार नाही. त्याला दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्याने तर्क केला की समोरासमोर गावे असतील तर लोक ये-जा करत असणारच. तिथून तो पार झाला आणि मराठ्यांच्या बगलेवर आला. मला हे पुस्तकातून माहीत होते. मी पहिल्याच डावात आठ तोफा उतारावर नेऊन ठेवल्या. मित्राच्या दोन पलटणी पाण्यातच संपल्या. मी हात वर केले. तो म्हणाला, "हे पोलमनला माहीत होतं का?"

पोलमन हा शिंद्यांच्या कंपूचा हॅनोव्हरकडचा सेनापती. त्याला ते माहीत नव्हते. मी जिंकलो होतो ते पुस्तकाच्या जोरावर, हे मला मान्य करावे लागले. नुसते मान्य करायला दोन दिवस लागले, त्या दोन दिवसांत आम्ही मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो.

मग आम्ही राइसविट्झकडे गेलो. दुसऱ्या खेळात एक वर्गमित्र पंच झाला. उतार कुठे आहे हे त्याने एकट्याने फासा टाकून ठरवले. आम्ही दोघे सेनापती व्हरांड्याच्या दोन टोकांना नकाशा घेऊन बसलो. टेबलाजवळ यायचे ते पंच बोलावील तेव्हा, एका मिनिटासाठी. तेही उभे राहून पाहायचे नाही. आपल्या सेनापतीच्या बाहुलीमागे गुडघ्यावर बसायचे, डोळे टेबलाच्या पातळीला. तिथून मला माझ्याच पलटणींच्या पाठी दिसल्या, त्यापलीकडे काही नाही. हुकूम चिठ्ठीवर लिहायचा. घोडेस्वार निरोप्या एका डावात ८० सेंमी जातो, म्हणून चिठ्ठी तितकीच उशिरा पोचते. पलटणी हलवायला सातवी-आठवीचे ज्युनिअर होते. त्यांनी चिठ्ठीत जे वाचले तेच करायचे.

मित्र माझ्या डाव्या बगलेवर पार झाला. मला ते दोन डावांनी कळले. सारी फळी दक्षिणेकडून पूर्वेकडे वळवायची होती. मी पलटणी वळवल्या आणि अठरापैकी चौदा नीट वळल्या. खऱ्या लढाईतही पोलमनच्या पलटणी इतक्या सफाईने वळल्या की वेलस्लीला ते अपेक्षित नव्हते. ज्यांना आपली फौज म्हणजे नुसता जमाव होता असे वाटते, त्यांनी हे एकदा टेबलावर करून पाहावे. तोफांनी तर कमाल केली. मित्राची ७४ वी हायलँडर्स चिठ्ठी चुकीची वाचून थेट असई गावाच्या तोफांसमोर गेली. प्रत्यक्षातही ती पलटण चुकून तिकडेच गेली होती आणि तिचे मेलेले व जखमी मिळून चारशेच्या आसपास झाले. आमच्या टेबलावर तिचे बारापैकी नऊ शिपाई उचलावे लागले. ते ज्या सातवीच्या मुलाने रंगवले होते तोच ती पलटण चालवत होता. पंचाने हात पुढे केला तेव्हा त्याने शिपाई दिले नाहीत. एकेक करून स्वतःच डब्यात ठेवले.

हाच क्षण माझ्या घोडदळाचा होता. मी तीन डाव आधीच चिठ्ठी पाठवली होती. पण घोडदळ जागचे हलले नाही. टेबलावर साठ घोडे एका कोपऱ्यात, दिसायलाही थोडे. खरे सांगायचे तर अर्धा खेळ मी त्यांना विसरलोच होतो, तीस हजार दिसले असते तर विसरलो नसतो. मित्राचे २४ स्वार मात्र वेळेवर आले. खेळ संपला तेव्हा त्याचे १०८ पैकी ४१ पडले होते आणि माझ्या तोफा त्याच्या ताब्यात होत्या.

खेळानंतर पंचाने चिठ्ठ्या परत दिल्या. घोडदळाला मी लिहिले होते, "शत्रू नदी ओलांडत आहे. उतारावर ताबडतोब हल्ला करा." आठवीच्या ज्युनिअरने खाली विचारले होते, "सर, कोणता उतार?" नकाशावर मी स्वतःच दोन उतारांच्या खुणा केल्या होत्या, एक खात्रीचा आणि एक संशयाचा. त्याची चिठ्ठी माझ्यापर्यंत येईतो लढाई संपली होती. त्या मुलाला मी व्हरांड्यात आधीच ओरडलो होतो, "झोपला होतास का?" ती चिठ्ठी वाचल्यावर मी त्याच्या डॉर्मिटरीत गेलो. तो बूट पॉलिश करत होता. मी माफी मागितली तर तो गडबडून उभाच राहिला.

ती चिठ्ठी आता आमच्या नियमांच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवली आहे. तिच्याखाली पंचाने नवा नियम लिहिला आहे: हुकमात जागेचे नाव, दिशा आणि वेळ नसेल तर तो पोचवला जाणार नाही. बारावीमुळे या वर्षी मला खेळता येणार नाही. २१६ शिपाई, वीस तोफा आणि साठ घोडे बुटांच्या खोक्यांत, कापसात, कॉमन रूमच्या कपाटात आहेत. घोडदळ घेणाऱ्याने आधी अजून साठ तरी घोडे करावेत. साचा त्याच कपाटात, वरच्या खणात आहे. पोलमनची जागा रिकामी आहे आणि आठवीतून नववीत गेलेल्या त्या मुलाने ती मागितली आहे.