पाइप एक, कामं दोन!

गाडीचा एक्झॉस्ट बदलला की आवाज बदलतो, हे सगळ्यांनाच माहितीय. पण नेमका कुठला भाग बदलला, यावर मागच्या माणसाच्या नाकात काय जाणार हे ठरतं. गॅरेजची पायरी चढण्याआधी वाचाच.

सेकंडहँड हॅचबॅक हातात आली की पहिल्या महिन्यात सीट कव्हर येतात, दुसऱ्यात म्युझिक सिस्टीम. तिसऱ्या महिन्यात ग्रुपवर विषय निघतोच, ‘एक्झॉस्ट टाकायचाय, काय टाकू?’ मग सल्ल्यांचा पाऊस. एक म्हणतो कॅट-बॅक टाक. दुसरा म्हणतो, कॅटच काढून टाक, गाडी उडेल. तिसऱ्याला हेडर्स हवेत. चौथा म्हणतो, मोठी टिप लाव आणि मोकळा हो. ऐकायला सगळं एकाच माळेतलं वाटतं. प्रत्यक्षात चारही सल्ल्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

टिपने गाडीचं फक्त मागून दिसणं बदलतं. कॅट-बॅकने मुख्यतः आवाज बदलतो. आणि कॅट काढला की सिग्नलवर तुमच्या मागे उभ्या असलेल्या स्कूटरवालीची हवा बदलते.

आधी पाइप समजून घ्या

गाडीखाली वाकून बघितलंत तर इंजिनपासून मागच्या बंपरपर्यंत एकच लांबलचक पाइप दिसतो. त्यावर ठरावीक क्रमाने वेगवेगळे भाग बसवलेले असतात. सगळ्यात पुढे मॅनिफोल्ड. प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारे वायू तो एका पाइपात आणतो. (बाजारात मिळणारे हेडर्स म्हणजे याचीच जास्त मोकळी आवृत्ती.) त्याला लागूनच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे आपला ‘कॅट’. पुढे मधला पाइप आणि बहुतेक गाड्यांत त्यावर रेझोनेटर. शेवटी मोठा डबा, मफलर. आपण ‘सायलेन्सर’ म्हणतो तो हाच. आणि अगदी टोकाला टिप.

एवढं लक्षात ठेवा : पेट्रोल गाडीत वायू स्वच्छ करायचं काम पुढच्या भागात होतं, आवाज दाबायचं काम मुख्यतः मागच्या. पाइप एक, कामं दोन. गॅरेजमध्ये मात्र ‘फुल सिस्टीम’ म्हणून दोन्ही एकाच बिलात विकलं जातं आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

आवाजाचं गणित

चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमवर फिरत असेल तर सेकंदाला १०० स्फोट होतात. तीन सिलिंडरच्या इंजिनात तेवढ्याच आरपीएमवर ७५. म्हणजेच मूळ स्वर वेगळा. मित्राच्या चार सिलिंडर सेदानवर भन्नाट वाजलेला एक्झॉस्ट तुमच्या तीन सिलिंडर हॅचबॅकवर भसाडा का वाटतो, याचं मोठं कारण हेच. रीलमधला आवाज विकत मिळत नाही, मिळतो तो फक्त डबा.

मफलर ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिला कप्प्यांचा. आत भिंती आणि छिद्रांचे पाइप असतात, आवाजाच्या लाटा त्यांवर आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. कंपनीचे मफलर बहुधा या पद्धतीवर चालतात, म्हणून गाडी शांत. दुसरा सरळसोट. आत आरपार छिद्रांचा पाइप, भोवती फायबरग्लास किंवा स्टीलच्या तारांचं अस्तर. हे अस्तर वरच्या पट्टीतला आवाज चांगला शोषतं, पण खर्जातला बराचसा तसाच बाहेर येतो. ‘बेस’ म्हणतात तो हाच. अस्तर जुनं होऊन जळालं की आवाज वाढत जातो. म्हणजे आज घेतलेला आवाज दोन वर्षांनी तोच राहील याची खात्री नाही.

रेझोनेटर तर सगळ्यात दुर्लक्षित. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच ठरावीक सूर निघतो ना, बरेच रेझोनेटर त्याच तत्त्वावर ठरावीक सूर पकडून मारतात. पैसे वाचवायला तो काढून सरळ पाइप टाकला की हायवेवर एका ठरावीक वेगाला गाडीत घूंऽऽ असा आवाज भरतो. पहिल्या दिवशी मजा वाटते. पुणे-कोल्हापूर एकदा करून बघा, साताऱ्यापर्यंत डोकं धरतं.

आता डेसिबल. भारतात नवीन प्रवासी कारला आवाजाच्या चाचणीत ७४ डेसिबलची मर्यादा आहे. ७४ चे ८४ झाले तर आकड्यात वाढ फक्त दहाची दिसते. पण दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. हॉस्पिटल, कॉलेज आणि कोर्टाभोवतीचा १०० मीटरचा शांतता क्षेत्राचा नियम आठवा. तिथे रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे.

कॅट काढला की काय होतं?

कॅटच्या आत मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा असतो. त्याच्या बारीक बारीक नळ्यांना प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा लेप असतो. इंजिनातून तीन त्रासदायक गोष्टी येतात : कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन म्हणजे हायड्रोकार्बन, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. गरम झालेला चांगला कॅट या तिन्हींचं ९० टक्क्यांहून जास्त प्रमाण निरुपद्रवी किंवा कमी घातक वायूंमध्ये बदलतो.

गणित उलटं करून बघा. शंभरातले नव्वद अडवणारा दरवाजाच काढला तर दहाच्या जागी शंभर बाहेर पडणार. सिग्नलवर तुमची एकच गाडी उभी असते, पण या वायूंच्या हिशेबात तिथे दहा गाड्या असतात. ते कुणाला दिसतही नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. मोठ्या आवाजाबद्दल सोसायटीचे काका तुम्हाला शिव्या तरी देतील, याबद्दल कुणीच काही बोलणार नाही.

बीएस-सहा नियमांनी (१ एप्रिल २०२० पासून) पेट्रोल कारला किलोमीटरमागे नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा दिलीय ६० मिलिग्रॅम. एवढी बारीक मर्यादा कॅटशिवाय पाळणं अशक्यच. म्हणूनच त्याच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर बसवलेले असतात. कॅट काम करत नसेल तर मागचा सेन्सर ओळखतो आणि डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. मग गॅरेजवाला सॉफ्टवेअरमधून दिवा बंद करून देतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

‘हाय-फ्लो कॅट’ हा मधला मार्ग म्हणून विकला जातो. कंपनीच्या कॅटमध्ये चौरस इंचाला साधारण ४०० ते ६०० नळ्या असतात, स्पोर्ट्स कॅटमध्ये २०० किंवा त्याहून कमी. नळ्या कमी म्हणजे वायू मोकळा जातो, पण लेपाला स्पर्शही कमी होतो. काहीच नसण्यापेक्षा बरा, कंपनीच्या बरोबरीचा मात्र नाही. हेडर्सचा आणखी एक घोळ. लांब पाइपांमुळे कॅट इंजिनापासून दूर जातो. कॅटला काम सुरू करायला अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस तापमान लागतं. तो दूर गेला की तापायला वेळ लागतो आणि गाडी सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटं धूर जवळपास तसाच बाहेर पडतो. कॉलेजपर्यंतचा तुमचा प्रवास बहुधा तेवढ्याच मिनिटांचा असतो.

आणि ते ‘पॉप्स अँड बँग्स’? पाय काढल्यावर मागून फटाके वाजावेत म्हणून मुद्दाम इंधन एक्झॉस्टमध्ये जाळलं जातं. कॅट जागेवर असेल तर या उष्णतेने आतला ठोकळा वितळू शकतो. पेट्रोल तुमचं, कॅटही तुमचाच.

कॅटची किंमत चोरांना बरोबर कळलीय. काही वर्षांपूर्वी पुणे परिसरात आणि गुजरातमध्ये ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याच्या बातम्या येत होत्या. चोरांना पाइप नको होता, आतल्या धातूंची भुकटी हवी होती. तीच वस्तू आपण पैसे देऊन काढतो आणि गॅरेजमध्येच सोडून येतो.

‘पीयूसी आहे ना!’

हे वाक्य पुराव्यासारखं वापरलं जातं. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी गाडी जागेवर उभी ठेवून होते. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाहीत आणि आवाजही मोजत नाहीत. म्हणजे चाचणी नीट झाली तर कॅट नसलेली गाडी अडकण्याची शक्यता मोठी, पण मफलर कितीही बोंबलत असला तरी त्या कागदावर काही उमटणार नाही. कागद आहे म्हणून गाडी नियमात आहे, असं होत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) मात्र हवा आणि आवाज दोन्हींबद्दल बोलतं. मर्यादा मोडली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स रद्दबातल. पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला बसने जायची तयारी ठेवा.

गॅरेजमध्ये हे चार प्रश्न विचारा

१. बदल कॅटच्या मागे आहे की पुढे? पुढे असेल तर तिथेच थांबा.

२. रेझोनेटर राहणार की जाणार? जाणार असेल तर तशाच इंजिनाची, तसाच पाइप लावलेली गाडी हायवेवर आतून ऐका.

३. जुने भाग परत मिळणार का? घरी आणून ठेवा, विकताना आणि पासिंगला लागतात.

४. वॉरंटी आणि इन्शुरन्सचं काय? गाडीतले बदल विमा कंपनीला कळवावे लागतात. न कळवता केलेत तर क्लेमच्या वेळी तोच मुद्दा निघू शकतो.

हौसेला मोल नाही म्हणतात. पण आवाजाची हौस असेल तर कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर जाऊन भागवा, तिथे कान देऊन ऐकणारी माणसं असतात. रस्त्यावर मागच्या डब्याची निवड तुमची, तीही मर्यादेच्या आत. पुढच्या डब्याला मात्र हात लावू नका. त्यातून निघणारी हवा फक्त तुमची नसते.