घर जळाल्यावर जमिनीचे काय होते?



उन्हाळा आला की इकडे वणव्यांच्या बातम्या सुरू होतात. "घर जळाले, तरी जमीन तर राहिली ना?" असे आपल्या वर्गातल्या काही मुलांनी विचारले. म्हणून हा लेख.

तुमची पणजी चुलीतल्या राखेने भांडी घासत असे. ती राख निव्वळ लाकडाची. इकडच्या घराची राख वेगळी, कारण तिच्यात रंग, गालिचे, प्लॅस्टिकचे पाइप, टीव्ही, बॅटऱ्या, गॅरेजमधली मोटार असे सगळेच जळलेले असते. २००४ च्या आधी डेकसाठी जे हिरवट लाकूड वापरीत, त्यात कीड लागू नये म्हणून आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, मुरवलेला असे. जुन्या रंगांत शिसे असे. मुलांनो, शाळेतले विज्ञान आठवा : मूलद्रव्य जळून नाहीसे होत नाही. लाकूड जाते, आर्सेनिक बरेचसे राखेत उरते. डायॉक्सिनचे उलटे आहे. ते आधी घरात नसतेच, पीव्हीसीसारखे प्लॅस्टिक जळताना तयार होते. पाऊस पडला, बर्फ वितळले, की यातले बरेच काही मातीत झिरपते.

मे २०१६ मध्ये अल्बर्टातल्या फोर्ट मॅकमरीहून ८० हजारांवर लोकांना बाहेर काढावे लागले. सुमारे २,४०० इमारती जळाल्या. जूनमध्ये लोक परतू लागले, पण वॉटरवेज, अबासँड आणि बीकन हिल या वस्त्यांत ज्यांची घरे शाबूत होती त्यांनाही लगेच राहायला जाता आले नाही. तिथल्या राखेत आर्सेनिक आणि जड धातू सापडले होते. राख उडू नये म्हणून तिच्यावर चिकट द्रव फवारला गेला.

आता सफाई. आधी मलबा आणि पाया काढतात, मग वरची काही इंच माती खरवडतात आणि उरलेल्या मातीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. कॅनडाच्या मार्गदर्शक प्रमाणानुसार किलोभर मातीत आर्सेनिक १२ मिलिग्रॅमपर्यंत चालते, म्हणजे एका टनाला जेमतेम एक तोळा! काही ठिकाणी मातीत ते मुळातच असते, म्हणून शेजारच्या न जळलेल्या जागेचाही नमुना घ्यावा लागतो. आकडा जास्त आला की पुन्हा खणा, पुन्हा तपासा. (आम्हा प्रोग्रॅमवाल्यांना हे चक्र ओळखीचे आहे, पण आमच्याकडे दर फेरीला खोदयंत्र आणि ट्रक लागत नाही.) कचराभूमीवर पैसे वजनावर घेतात, आणि माती जड असते.

हा खर्च कोणाचा? विमा घराचा असतो, जमिनीचा सहसा नसतो. अनेक पॉलिसींत मलबा काढण्याचा खर्च घराच्याच रकमेतून जातो. तिकडे जितके गेले तितके बांधकामाला कमी. जुलै २०२४ मध्ये जॅस्परला ३५८ इमारती जळाल्या. तिथली जमीन केंद्र सरकारची, घरमालकांकडे फक्त भाडेपट्टा, तरी मातीची तपासणी आणि सफाई त्यांच्याच गळ्यात आली. काहींच्या विम्यात ती बसली, काहींच्या नाही. ब्रिटिश कोलंबियातले लिटन गाव ३० जून २०२१ रोजी जळाले. तिथे अनेकांचा विमाच नव्हता, आणि न्लाकापमुख लोकांची वस्ती हजारो वर्षांची असल्यामुळे पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीशिवाय खणताही येईना. शेवटी प्रांत सरकारने सफाईसाठी पैसे दिले, पण घरे उभी राहायला वर्षे लागली.

पालकांनी आपल्या एजंटला दोनच प्रश्न विचारावेत. मलब्याची रक्कम घराच्या रकमेपेक्षा वेगळी आहे का? दूषित मातीचे काय? उत्तर लेखी घ्यावे.

आणि मुलांनो, जवळपास वणवा होऊन गेला असेल तर राखेत खेळू नका, हात धुवा आणि बूट दाराबाहेरच काढा. तेवढे तर आपल्या घरी आधीपासूनच चालते!