जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा खर्च कोणी सोसावा?

धाराशिव जिल्ह्यासाठी एखादे इंग्रजी साप्ताहिक असावे, ही कल्पना आज नवलाची वाटेल. तथापि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभच इंग्रजीच्या सोबतीने झाला. बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ च्या ‘दर्पण’मध्ये दोन्ही भाषांतील मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात इंग्रजी ‘मराठा’ व मराठी ‘केसरी’ ही साप्ताहिके दोन दिवसांच्या अंतराने निघाली. एकाने सरकारला लोकांचे म्हणणे ऐकवायचे, दुसऱ्याने लोकांना जागे करायचे, अशी ती विभागणी होती. कोल्हापूर संस्थानच्या कारभारावरील लेखनापायी १८८२ मध्ये टिळक व आगरकरांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले.

धाराशिवात १९४८ पर्यंत निजामाची राजवट होती; दरबाराची भाषा उर्दू, रयतेची मराठी. पुढे कारभार मराठीत आला आणि निदान जिल्हा पातळीवर दुभाष्याची गरज सरली. प्रश्न उरला तो अर्थकारणाचा.

जिल्हा परिषदेच्या सभेला बातमीदार पाठविण्याचा खर्च वाचक पाचशे असोत वा पन्नास हजार, तेवढाच येतो. बाजारपेठ लहान, म्हणून बातमी स्वस्तात मिळत नाही. त्यात इंग्रजीची अट घातली की वाचक आणखी घटतात. मुंबईचे ‘एक्झामिनर’ हे इंग्रजी साप्ताहिक १८५० पासून टिकले, कारण त्याच्यामागे कॅथलिक समाज उभा राहिला. उलट अमेरिकेत, जेथे इंग्रजी हीच लोकभाषा आहे, तेथेही २००५ पासून एकतृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली; त्यांत बहुसंख्य साप्ताहिकेच होती. छोट्या जाहिराती इतरत्र गेल्या आणि आधार तुटला. म्हणजे भाषा आपली असली तरी तेवढ्याने पत्र जगत नाही.

आपल्याकडील तालुक्याचे साप्ताहिक बव्हंशी सरकारी जाहिराती आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर जगते. ज्याच्यावर लक्ष ठेवायचे, त्याच्याच पैशावर अंक काढायचा, ही त्याची खरी अडचण होय. संपादकाच्या सचोटीवर सारा भार टाकून ती सुटणार नाही.

पीकविम्याची रक्कम का अडली, परंड्याच्या वा भूमच्या गावाला टँकर कधी येणार, हे राजधानीचे पत्र रोज सांगणार नाही. ते वाचायचे असेल, तर जिल्ह्यातील शिक्षकाने, कारकुनाने, व्यापाऱ्याने वार्षिक वर्गणी भरली पाहिजे. फुकटच्या अंकाची किंमत अखेर कोणीतरी मोजतोच. आणि जो मोजतो, त्याचेच ऐकले जाते.