पेढीवरचा संगणक : दुरुस्ती की नवी व्यवस्था?

साक्री हे सुरत-धुळे महामार्गावरील तालुक्याचे गाव. येथील एखाद्या पेढीवर महिन्याच्या अठरा तारखेला सकाळी संगणक सुरू करावा आणि टॅलीऐवजी निळा पडदा दिसावा, ही घटना आता नवलाची राहिलेली नाही. यंत्र आपोआप बंद पडते, पुन्हा सुरू होते, दुरुस्ती चालू असल्याचा निरोप देते आणि फिरून निळ्या पडद्यावर येऊन थांबते. वीस तारखेपर्यंत जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरायचे असते. बाहेर सिमेंटचा ट्रक उभा असतो आणि ई-वे बिल निघालेले नसते.

तंत्रज्ञ येतो, पाहतो आणि म्हणतो, "शेठ, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारून देतो, दोन तासांत चालू." मुलाचे मत वेगळे असते. "पप्पा, सात वर्षं झाली याला. आता नवंच घेऊ या." गादीवर बसलेल्या वडिलांच्या मनात मात्र तिसराच प्रश्न असतो : उधारीचे खाते कोठे आहे?

या तीन प्रश्नांपैकी वडिलांचा प्रश्न पहिला आहे. तो सुटल्याशिवाय उरलेल्या दोहोंचे उत्तर शोधू नये.

आधी वही, मग यंत्र

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर यांच्यामध्ये बसलेला मुनीम. मुनीम आजारी पडला म्हणजे वह्या जळाल्या असे होत नाही. विंडोज सुरू होत नसले तरी हार्ड डिस्क शाबूत असेल, तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि त्यातील माहिती उतरवून घेता येते. फॉरमॅट मात्र मुनिमाबरोबर वह्याही बाहेर काढतो. 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' यांत ठेवलेल्या फाइल बहुधा 'सी' ड्राइव्हमध्येच असतात. टॅलीचा डेटाही, जागा मुद्दाम बदललेली नसेल, तर तेथेच असतो. 'फक्त सी फॉरमॅट करतो, बाकी काही जाणार नाही' हे आश्वासन म्हणूनच फसवे ठरते.

विंडोजमध्ये 'फाइल ठेवून पुन्हा स्थापना' करण्याचीही सोय आहे. त्यात व्यक्तिगत फाइल राहतात, परंतु बाहेरून घातलेली सॉफ्टवेअर निघून जातात. टॅलीचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असल्याने, यंत्र चालू अवस्थेत असेल तर फॉरमॅटपूर्वी तो रीतसर 'सरेंडर' करावा. डिजिटल सहीच्या टोकनचे आणि जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे ड्रायव्हर पुन्हा घालावे लागतात, हेही ध्यानी ठेवावे.

प्रत राखणे हा केवळ शहाणपणाचा भाग नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जतन करावी लागतात. नियम ५७ प्रमाणे संगणकीय नोंदींची प्रत अशी ठेवणे बंधनकारक आहे की, अपघाताने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी काळात त्या पुन्हा उभ्या करता याव्यात. एक प्रत पेढीवर, दुसरी घरी, आणि दोन्ही काम संपताच यंत्रापासून सोडवलेल्या, एवढी शिस्त पुरेशी आहे. वर्षातून एकदोनदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. कधीच न उघडलेली प्रत वेळेला उघडेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

बिघाड नेमका कोठे?

निळा पडदा हे लक्षण आहे, रोग नव्हे. मेमरीच्या पट्टीवर धूळ बसणे, विजेच्या चढउताराने पॉवर सप्लाय दुबळा होणे, हार्ड डिस्कवर खराब जागा तयार होणे, अर्धवट राहिलेले अपडेट, व्हायरस यांपैकी कोणतेही कारण त्यामागे असू शकते. पहिली तीन कारणे यंत्राची आहेत, शेवटची दोन विंडोजची. डिस्क खराब असताना विंडोज पुन्हा घातले, तर चार आठवड्यांत तोच पडदा परत येतो आणि पैसे दोनदा जातात.

म्हणून तंत्रज्ञाला 'किती घेणार?' याआधी 'डिस्क तपासली का?' हे विचारावे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाइल उघडायला फार वेळ लागत असेल, तर माहिती उतरवून घेईपर्यंत यंत्र वारंवार चालू-बंद करू नये. दोष केवळ डिस्कचा असेल आणि बाकी यंत्र चांगले असेल, तर जुन्या डिस्कऐवजी एसएसडी बसवल्याने सातआठ वर्षांचा संगणकही नव्या उमेदीने चालतो. अशी दुरुस्ती खर्चाला सार्थ ठरते. विनापरवाना 'क्रॅक' विंडोज मात्र कोणत्याही भावात घेऊ नये. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या कुलपाची किल्ली अनोळखी हाती देण्यासारखेच ते आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ची रेघ

दोष केवळ विंडोजचा निघाला, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळीच्या आठवडाभर आधी, थांबवला. यंत्र त्या दिवशी बंद पडले नाही, पुढेही चालत राहते. परंतु सुरक्षेतील नव्या फटी बुजवणे नेहमीच्या ग्राहकांसाठी थांबले. घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि व्यवसायांना सशुल्क, कमाल तीन वर्षे, अशी मुदतवाढ कंपनीने जाहीर केली. ही मुदतवाढ तयारीसाठी दिलेली आहे, हे विसरू नये.

फट न बुजवल्याने काय होते, हे २०१७ साली जगाने पाहिले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांतील फाइल कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे कामही विस्कळीत झाले. त्या फटीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घातला नाही, ते सापडले. जूनअखेर आलेल्या अशाच दुसऱ्या हल्ल्यात मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम खोळंबले.

बँकांनाही या प्रश्नातून जावे लागले. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तरी अनेक एटीएम त्यावरच चालत होती. ती नोटा बिनतक्रार मोजून देत होती, म्हणून बदल लांबत गेला. अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने टप्पे आखून दिले : सप्टेंबरपर्यंत २५ टक्के, डिसेंबरपर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व एटीएम आधार असलेल्या प्रणालीवर आणावीत. 'चालते आहे ना?' एवढाच निकष पुरेसा नाही, आणि बदल एका रात्रीत न करता क्रमाने करावा, हे दोन्ही धडे पेढीलाही लागू पडतात.

आकडेमोड

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय, किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे साधन यंत्र पात्र आहे की नाही ते सांगते. कित्येकदा टीपीएम यंत्रात असते, पण बंद ठेवलेले असते. ते चालू केले की काम होते. पात्र यंत्रावर अस्सल विंडोज १० असेल, तर ११ कडे जाण्यास वेगळे पैसे पडत नाहीत. तेव्हा नवे यंत्र घेण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी.

यंत्र अपात्र ठरल्यास खर्चाला महिन्यांनी भागावे. समजा, दुरुस्तीला ३,००० रुपये लागले आणि त्यातून सहा महिने निघणार असतील, तर महिना ५०० रुपये पडले. ३६,००० रुपयांचे नवे यंत्र पाच वर्षे चालले, तर महिना ६०० रुपये पडतात. वरवर पाहता दुरुस्ती स्वस्त. परंतु त्या सहा महिन्यांत पेढी एक दिवस जरी ठप्प झाली, तरी हा फरक पुसला जातो. शिवाय नियमित जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला धंद्यासाठी घेतलेल्या संगणकावरील कराचे इनपुट क्रेडिट मिळते आणि प्राप्तिकरात संगणकावर ४० टक्के घसारा धरता येतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला हे क्रेडिट मिळत नाही, म्हणून त्याने स्वतःचा हिशेब वेगळा मांडावा.

जुन्यालाही जागा

अपात्र ठरलेले यंत्र लगेच भंगारात घालण्याचे कारण नाही. इंटरनेट काढून घेतल्यावर जुनी बिले पाहणे, लेबल छापणे, मागील वर्षांच्या वह्या उघडणे ही कामे ते करू शकते. मुलांच्या अभ्यासासाठी त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालता येते. टॅली लिनक्ससाठी बनलेले नाही, त्यामुळे पेढीच्या मुख्य यंत्रासाठी हा मार्ग सहसा सोयीचा नाही. बँक, जीएसटी आणि ई-मेल मात्र आधार असलेल्या यंत्रावरूनच चालावेत. नवे आणल्यावर महिनाभर दोन्ही यंत्रे शेजारी ठेवावीत आणि दोहोंतील शिल्लक जुळली की मगच जुन्याला निवृत्त करावे.

पूर्वी दिवाळीला नवी वही पुजली जाई, तेव्हा जुनी वही फेकली जात नसे. तिच्यातील येणे-देणे शिल्लक ओढून नव्या वहीत आणले जाई आणि जुनी लाल कापडात बांधून माळ्यावर ठेवली जाई. संगणकाच्या बाबतीत हाच शिरस्ता पाळला, तर अठरा तारखेच्या सकाळी निळा पडदा दिसला तरी वडिलांच्या प्रश्नाला उत्तर तयार असेल : उधारीचे खाते सुरक्षित आहे. मग दुरुस्ती की नवे, हे स्वस्थ चित्ताने, बाजारभाव विचारून ठरवता येईल.