फवारलेल्या पानावरचे विष कधी उतरते?

फलटणकडे डाळिंबाच्या आणि तासगावकडे द्राक्षांच्या बागेत आपल्यापैकी अनेक बंधू-भगिनी मजुरीला जातात. छाटणी, विरळणी, तोडणी ही कामे पानांत हात घालूनच करावी लागतात. म्हणून पानावरचे औषध किती टिकते, हे आपण समजून घेऊ.

ऊन, उष्णता, दव व पाऊस यांमुळे औषध हळूहळू कमी होते. समजा, ४ दिवसांत ते निम्मे झाले, तर ८ दिवसांनी पाव आणि १२ दिवसांनी आठवा हिस्सा उरतो. नव्या पालवीवर तर औषध नसतेच, म्हणून कीड पुन्हा दिसते. मग "औषध उतरले" असे म्हणतात. पण कीड मरत नाही म्हणजे जुन्या पानावर विष नाही, असे नव्हे. आपला भाग कमी पावसाचा. पाने धुऊन निघतील या भरवशावर राहू नये. आंतरप्रवाही औषध तर पानाच्या आत शिरते. ते धुऊन जात नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरू नये.

बागेत शिरण्यापूर्वी विचारावे : काय फवारले, कधी फवारले? डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष. तोडणीआधी थांबायचे दिवस डब्यासोबतच्या माहितीपत्रकावर असतात; ते फळ खाणाऱ्यासाठी आहेत. मजुराने पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे घालावेत, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, कामाचे कपडे वेगळे धुवावेत. मळमळ, घाम, लाळ, डोकेदुखी, अंधूक दिसणे यांपैकी काही जाणवल्यास काम थांबवून लगेच दवाखान्यात जावे आणि औषधाचे नाव किंवा माहितीपत्रक सोबत न्यावे.

हे विचारणे म्हणजे भांडण नव्हे. तो आपला हक्क आहे.