दुष्काळातील दान आणि कष्टकऱ्यांचे भांडवल

वाईच्या शिवारास कृष्णामाईचा व धोम धरणाचा आधार आहे. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस असलेला माण तालुका मात्र पर्जन्यछायेत येतो. तेथे अवर्षण पडून वैरण संपली की शेतकऱ्यास दावणीची जनावरे मिळेल त्या भावाने विकावी लागतात. पुढे पाऊस झाला तरी औतास बैल नसतो व घरात दुभते राहत नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने दात्यांच्या साहाय्याने म्हसवड येथे चारा छावणी चालविली. वैरण-पाण्याची सोय होऊन जनावरे जगली, म्हणजेच कुटुंबाचे भांडवल शाबूत राहिले.

परंतु दान नित्य पुरत नाही. त्यास बचतीची जोड हवी. म्हसवडच्याच स्त्रियांनी श्रीमती चेतना सिन्हा यांच्यासह १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन केली. अनेक प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला होता. त्या अक्षरे शिकल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्यास सिद्ध झाल्या आणि परवाना मिळविला.

वाईकडील ऊस-बागायतदारांनी टंचाईच्या काळी उसाचे वाढे छावणीस अवश्य द्यावे. ग्रामसेवकांनी गरजूंची यादी करताना भूमिहीन पशुपालक, विधवा व शेळ्या-मेंढ्यांवर गुजराण करणारी कुटुंबे प्रथम घ्यावीत, आणि छावणी उठण्यापूर्वी त्या घरांतील स्त्रियांची बचत खाती उघडून द्यावीत. आज वाचलेले जनावर व उद्याची शिल्लक, दोन्ही मिळूनच पुढील अवर्षणास तोंड देता येईल.